घरट्याचा पत्ता कुणाला, किती आणि कधी? वन्यजीवांच्या नोंदी वाटताना आणि वापरताना

१९९९ साली दक्षिण चीनमधल्या एका गेको पालीचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं. गोनियुरोसॉरस लुइई हे तिचं नाव. रीतीप्रमाणे ती कुठे सापडली हेही शोधनिबंधात लिहिलेलं होतं. विदेशी प्राणी पाळणाऱ्या हौशी लोकांत दुर्मीळ म्हणून तिला मागणी आली, आणि काही वर्षांतच, ज्या जागेवरून तिचं वर्णन झालं होतं तिथूनच ती नाहीशी झाली. इंडोनेशियातल्या रोटी बेटावरच्या लांब मानेच्या कासवाचंही तेच झालं. १९९४ साली त्याला स्वतंत्र जाती म्हणून नाव मिळालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाराने त्याला नामशेष होण्याच्या काठावर नेऊन ठेवलं.

त्याच १९९४ साली ऑस्ट्रेलियात, सिडनीपासून साधारण १५० किलोमीटरवरच्या डोंगरदऱ्यांत वॉलेमी पाइन नावाचं झाड सापडलं. रानात त्याची मोठी झाडं शंभरही नाहीत. जागा पहिल्यापासून गुप्त ठेवली गेली. तरी काही लोक चोरून तिथे पोचलेच, आणि मुळं कुजवणारा फायटॉफ्थोरा हा रोगही त्या झाडांपर्यंत गेला. पुढे २०१९-२०च्या भीषण वणव्यात अग्निशमन दलाच्या लोकांनी ही झाडं वाचवली. विमानातून आग रोखणारं द्रव्य टाकलं, झाडांभोवती पाण्याची व्यवस्था केली. हे करता आलं, कारण झाडं नेमकी कुठे आहेत हे ज्यांना ठाऊक असायला हवं त्यांना ते ठाऊक होतं.

या सगळ्यातून मी जे शिकलो ते इतकंच, की कुठलीही नोंद 'उघडी' किंवा 'बंद' एवढ्या दोनच खणांत बसत नाही. कुणाला सांगायचं, किती बारकाईने सांगायचं आणि कधी सांगायचं, हे तीन प्रश्न प्रत्येक नोंदीला वेगळे विचारावे लागतात. ते कसे विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावर हाताने नेमकं काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो. हौशी पक्षीनिरीक्षक, विद्यार्थी, संस्थेचा डेटा सांभाळणारा माणूस किंवा दुसऱ्याचा डेटा उतरवून (डाउनलोड करून) अभ्यास करणारा, कुणालाही यातला बराचसा भाग लागू पडेल.

आधी आपल्याजवळ काय काय आहे ते बघा

नोंद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जातीचं नाव, तारीख आणि ठिकाण येतं. पण ठिकाण सांगणाऱ्या गोष्टी आणखी कितीतरी असतात. फोनमधले मूळ फोटो, आवाजाच्या फाइली, कॅमेरा ट्रॅपची (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याची) कार्डं, जीपीएस यंत्रात साठलेला चालण्याचा मार्ग, वहीतली टिपणं, स्थानिक लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी, ग्रुपवर पाठवलेलं लोकेशन. एक कागद घ्या आणि यातलं काय कुठे साठवलंय, कुणाकुणाला ते उघडता येतं, हे लिहून काढा. तासाभराचं काम आहे, पण बहुतेकांना इथेच पहिला धक्का बसतो. तीन वर्षांपूर्वी प्रकल्प सोडून गेलेल्याकडे अजून फोल्डर उघडण्याची मुभा असते, किंवा 'लिंक असेल त्या प्रत्येकाला दिसेल' अशी फाइल तशीच पडून असते. पुढच्या कुठल्याही पायरीआधी हे बंद करा.

धोका खरा आहे का, हे ठरवा

जात दुर्मीळ आहे म्हणजे तिची जागा लपवलीच पाहिजे, असं नाही. मी चार प्रश्न विचारतो. या जातीला त्रास देण्यात कुणाचा फायदा आहे का? जागा कळली तर ते काम सोपं होईल का? ती जागा आधीच सगळ्यांना माहीत आहे का? आणि धोका बारमाही आहे की काही महिन्यांपुरता?

खवले मांजर, गेंडा, ऑर्किड, ताडासारखी दिसणारी सायकड झाडं, टॅरंट्युला हे मोठे कोळी, शिकारी पक्ष्यांची अंडी आणि पिल्लं, रंगीत बेडूक, पाळण्यासाठी मागणी असलेली कासवं आणि पाली यांच्याबाबत पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'हो' असतं. पण त्रास देणारा प्रत्येक वेळी चोर किंवा शिकारीच असतो असं नाही. गुहेत शीतनिद्रेत असलेल्या वटवाघळांना पाहायला कुतूहलाने गेलेला माणूसही त्यांचं नुकसान करतो. ती जागी होतात आणि हिवाळा काढण्यासाठी साठवलेली चरबी त्या जागं होण्यातच खर्चून बसतात. अंडी उबवणाऱ्या पक्ष्यासमोर एका दिवसात पन्नास छायाचित्रकार उभे राहिले, तर त्यांतल्या एकाच्याही मनात वाईट हेतू असण्याची गरज नसते.

उलट बाजूही तितक्याच गंभीरपणे बघा, कारण संवर्धनाच्या कामात घोडं नेमकं इथेच पेंड खातं. जागा लपवली की ती जागा वाचवू पाहणाऱ्यालाही दिसत नाही. रस्ता, धरण किंवा खाण आखताना पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास करणारे लोक उपलब्ध नोंदी पाहतात. नकाशावर तिथे काहीच नसेल तर 'येथे महत्त्वाची जात आढळत नाही' असं वाक्य अहवालात जातं, आणि आपण जिवापाड जपलेलं गुपित बुलडोझरखाली येतं. ज्या जातीला मुख्य धोका अधिवास नष्ट होण्याचा आहे, पण बाजार कुणी मांडलेला नाही, तिची नोंद उघडी असणंच बहुतेक वेळा तिच्या हिताचं असतं. एखादी छोटी गोगलगाय किंवा खडकावरचं शेवाळ लपवून कुणाचाच फायदा होत नाही.

चारही उत्तरं एका ओळीत लिहून ठेवा, तारखेसकट. वर्षभराने तुमच्या जागी दुसरं कुणी बसेल, त्याला 'हे का लपवलं होतं' ते कळायला हवं.

एकच नोंद घेऊन सगळी प्रक्रिया करून बघू

समजा, बहिरी ससाण्याचं एक घरटं तुम्हाला सापडलं आहे. घरटं म्हणायचं ते आपल्या सोयीसाठी. हा पक्षी काड्या रचत नाही, कड्याच्या खोबणीत माती-खडी उकरून उथळ खळगा करतो आणि त्यातच अंडी घालतो. चांगली खोबण असेल तर तोच कडा वर्षानुवर्षं वापरला जातो. शिकारीसाठी ससाणे पाळणाऱ्यांच्या बाजारात या पक्ष्याच्या अंड्यांना आणि पिल्लांना किंमत असते, त्यामुळे पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं सरळ आहेत. तुमच्या फाइलमधली ओळ साधारण अशी आहे:

नाव: फाल्को पेरेग्रिनस. तारीख: १४ मार्च, सकाळी ६.४०. अक्षांश-रेखांश: दशांश चिन्हापुढे पाच आकडे. अचूकता: ८ मीटर. ठिकाण: 'खाणीच्या जुन्या रस्त्याने वर, तिसऱ्या वळणानंतर उजवीकडचा कडा'. शेरा: 'खोबणीत ३ अंडी, मादी बसलेली, माथ्यावरच्या झाडाला दोर बांधून उतरता येण्यासारखं'. फोटो: एक, मागे मोबाइलचा मनोरा. निरीक्षक: पूर्ण नाव.

बहुतेक लोक इथे अक्षांश-रेखांशांचे आकडे कापतात आणि काम झालं असं समजतात. मीही सुरुवातीला तेच केलं होतं. एका सहकाऱ्याला फाइल पाठवली आणि दहा मिनिटांत त्याचा फोन आला: आकडे गोल केलेत, पण ठिकाणाचा रकाना वाचून मी नकाशावर थेट त्या जागी पोचलो. त्या दिवसापासून मी आकड्यांना शेवटी हात लावतो आणि शब्दांना आधी.

तर शब्द आधी. 'खाणीचा जुना रस्ता, तिसरं वळण' हे जाऊन तिथे फक्त मोठ्या प्रशासकीय विभागाचं नाव राहील. शेऱ्यातला दोर बांधण्याचा उल्लेख सार्वजनिक प्रतीत राहता कामा नये. अंड्यांची संख्या अभ्यासाला उपयोगी आहे, पण याच महिन्यात जगाला सांगायची निकड नाही. वेळ कापा. प्रजननाचा हंगाम चालू असेल तर दिवसही कापून महिना आणि वर्षच ठेवा. फोटो बदला किंवा मनोरा कापून टाका, कारण क्षितिजावरचा मनोरा, डोंगराची रेघ आणि सावलीची दिशा यांवरून जागा शोधणारे लोक असतात. निरीक्षकाचं नाव हाही सुगावा ठरू शकतो. जो माणूस रोज त्याच डोंगरावर फिरतो आणि तशा उघड नोंदी टाकतो, त्याच्या बाकीच्या नोंदींवरून लपवलेली नोंद उलगडते. त्याच दिवशी, त्याच फेरीत टाकलेल्या साध्या चिमण्या-बुलबुलांच्या नोंदी म्हणूनच तपासा. ससाणा लपवला आणि आधीच्या पाच मिनिटांतला बुलबुल पाच आकडी अचूकतेने उघडा ठेवला, तर लपवलेलं काहीच नाही.

आता आकडे. अक्षांशाचा दशांश चिन्हापुढचा एक आकडा म्हणजे साधारण ११ किलोमीटर, दोन आकडे म्हणजे सुमारे १.१ किलोमीटर, तीन म्हणजे ११० मीटरच्या आसपास, पाच म्हणजे जवळपास एक मीटर. पाच आकड्यांनी तुम्ही कडाच नाही, खोबण दाखवता. या घरट्यासाठी मी एक आकडा ठेवीन. जातीला मध्यम धोका असेल तर दोन आकडे पुरतात. अतिशय मोजके जीव उरलेल्या आणि जोरदार मागणी असलेल्या जातीची जागा तर सार्वजनिक प्रतीत अजिबात देऊ नये.

आकडे कापण्याऐवजी बिंदू 'थोडा इकडेतिकडे' सरकवण्याचा मोह होतो. तो टाळा. एकाच घरट्याच्या वीस भेटींचे वीस बिंदू प्रत्येक वेळी वेगवेगळ्या दिशेने सरकवले, तर त्यांची सरासरी मूळ जागेच्या अगदी जवळ येऊन बसते. एका चौकोनात गोल केलेले वीस बिंदू मात्र वीसही एकाच जागी दिसतात आणि चौकोनापलीकडे काहीच सांगत नाहीत. शिवाय सरकवलेला बिंदू खरा वाटतो. तो कुणाच्या तरी शेतात किंवा समुद्रात पडतो आणि पुढचा अभ्यासक त्यावरून चुकीचे निष्कर्ष काढतो.

यानंतरची गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. जे बदललं, ते बदललं आहे असं त्याच ओळीत लिहा. जैवविविधतेच्या नोंदींसाठी जगभर डार्विन कोअर नावाचं प्रमाण वापरतात, ते २००९ साली ठरलं. त्यात यासाठी स्वतंत्र रकाने आहेत. 'डेटा जनरलायझेशन्स' मध्ये लिहा: 'अक्षांश-रेखांश ०.१ अंशाला गोल केले'. 'इन्फॉर्मेशन विथहेल्ड' मध्ये लिहा: 'नेमकी जागा, दिवस आणि अंड्यांची संख्या राखून ठेवली आहे, संशोधनासाठी मागणी करावी'. आणि 'कोऑर्डिनेट अनसर्टन्टी इन मीटर्स' मधले ८ मीटर खोडून ८,००० करा. ०.१ अंशाच्या चौकोनाच्या मध्यापासून त्याचा कोपरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. आकडा गोल आणि अचूकता ८ मीटर अशी ओळ बाहेर गेली, तर ते खोटं विधान झालं. वाचणाऱ्याला ते कळायचा मार्गच नसतो.

मूळ ओळ मात्र जशीच्या तशी राहिली पाहिजे. तिला हात लावायचा नाही. ती कुलूपबंद जागी, किमान दोन प्रतींत आणि सार्वजनिक प्रतीशी जोडणाऱ्या एकाच ओळख क्रमांकासह ठेवा. वणवा लागेल, कड्यावर बांधकामाचा प्रस्ताव येईल किंवा पिल्लं चोरीला जातील, तेव्हा हीच ओळ कामाला येणार आहे.

तुमचा मंच काय लपवतो, हे माहीत करून घ्या

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या मंचावर धोक्यातल्या जातींची ठिकाणं आपोआप धूसर होतात. बिंदू ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवला जातो, विषुववृत्तापाशी त्याची बाजू साधारण २२ किलोमीटर भरते, आणि इतरांना दिवसाऐवजी फक्त महिना-वर्ष दिसतं. नोंद करणारा स्वतःही कुठलीही नोंद धूसर किंवा खासगी करू शकतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या मंचावर संवेदनशील जातींच्या यादीतले पक्षी २० किलोमीटर बाजूच्या चौकोनात दाखवले जातात. जीबीआयएफ हा जगभरच्या नोंदी एकत्र करणारा सर्वांत मोठा साठा, त्यात दोन अब्जांहून अधिक नोंदी आहेत. तिथे मात्र जे लपवायचं ते नोंदी पाठवणाऱ्या संस्थेने आधीच लपवायचं असतं. तिथे पोचल्यावर कुणी तुमच्यासाठी गाळणी लावणार नाही.

आपोआप धूसर होणाऱ्या यादीवर पूर्ण विसंबू नका. जगभर भरपूर असलेला पक्षी तुमच्या भागात एकाच तळ्यावर वीण घालत असेल, तर यादीला ते ठाऊक नसतं. आणि तुम्ही तोच फोटो दुसऱ्या मंचावर उघड्या लोकेशनसह टाकलात, तर पहिल्या मंचाने काहीही लपवलं तरी व्यर्थ.

फोटो आणि आवाज

फोनने काढलेल्या फोटोत एक्झिफ नावाची माहिती असते आणि लोकेशन चालू असेल तर तिच्यात जागाही असते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती निघून जाते, पण 'दर्जा उतरू नये' म्हणून तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर सगळं जसंच्या तसं जातं. ईमेलनेही जातं. गेंड्यांच्या किंवा घरट्यांच्या फोटोंसाठी कॅमेऱ्याचं लोकेशनच बंद ठेवा आणि जागा वेगळ्या वहीत लिहा. आवाजाच्या फाइलीत माणसांचं बोलणं, वाहनं, देवळाची घंटा, धबधबा असं बरंच काही अडकलेलं असतं. टाकण्यापूर्वी एकदा पूर्ण ऐका.

कॉलर आणि टॅग लावलेले प्राणी

इथे चूक झाली तर परत फिरायला जागा नसते, कारण इथे प्राणी काल कुठे होता हे नाही, आत्ता कुठे आहे हे कळतं. २०१३ साली भारतात गळ्यात ठिकाण कळवणारी कॉलर लावलेल्या एका वाघाची उपग्रहाने पाठवलेली ठिकाणं ज्या ईमेल खात्यात जमा होत होती, ते खातं परक्या कुणीतरी उघडण्याचा प्रयत्न केला. कॅनडात बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात लोकांनी रेडिओ रिसीव्हर घेऊन कॉलरवाल्या प्राण्यांच्या मागे फिरू नये म्हणून त्या यंत्रांच्या वापरावर निर्बंध घालावे लागले.

म्हणून ताज्या ठिकाणांसाठी वेगळं खातं ठेवा. त्याला दुहेरी पडताळणी लावा आणि ते उघडणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच असू द्या. लोकांना नकाशा दाखवायचा असेल तर उशिराने दाखवा. किती उशिराने ते प्राण्याच्या सवयींवर ठरतं. हजारो किलोमीटर उडणाऱ्या पक्ष्याला काही आठवडे पुरतील. एकाच गुहेत दरवर्षी पिल्लं देणाऱ्या मादीची ती गुहा दोन वर्षांनीही उघडी करता येत नाही, कारण वर्षं बदलली तरी जागा तीच असते. अशा मार्गांतून गुहा, घरटी आणि विसाव्याच्या जागांभोवतीचे बिंदू काढून उरलेला मार्ग द्यावा. आणि प्राण्यांच्या हालचालींचा डेटा ठेवणाऱ्या मूव्हबँकसारख्या साठ्यात डेटा ठेवताना कुणाला काय दिसेल याची रचना पहिल्याच दिवशी तपासा.

नोंदीत माणसंही असतात

कॅमेरा ट्रॅप वाघासाठी लावला तरी समोरून जाणाऱ्या प्रत्येकाचा फोटो निघतो. लाकूडफाटा आणायला गेलेल्या बायका, गुराखी, मुलं. भारतातल्या कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की कॅमेऱ्यांमुळे बायकांचं जंगलातलं मोकळेपण गेलं. प्राण्यांना आपली चाहूल लागावी म्हणून त्या मोठ्याने गातात, बोलतात. कॅमेरे लागल्यावर आवाज दबला, आणि त्याबरोबर त्यांची सुरक्षितताही कमी झाली. हे वाचल्यापासून मी कॅमेरा लावण्याची परवानगी या शब्दाचा अर्थच वेगळा घेतो. वनखात्याचा कागद पुरेसा नाही, त्या वाटेने चालणाऱ्यांना कॅमेरा कुठे आहे, का आहे आणि त्यांच्या फोटोंचं काय होणार आहे, हे त्यांच्या भाषेत सांगितलेलं असायला हवं. माणसं असलेले फोटो आधी वेगळे काढा. आता प्राणी, माणूस आणि रिकामी चौकट वेगळी करणारी सॉफ्टवेअरं मिळतात. मग ते फोटो कधी पुसायचे ते ठरवा आणि ठरल्याप्रमाणे खरोखर पुसा.

स्थानिक आणि आदिवासी समाजांकडून आलेल्या ज्ञानाचंही असंच आहे. २०१६ साली मांडलेली फेअर तत्त्वं सांगतात की डेटा शोधता, मिळवता, जोडता आणि पुन्हा वापरता आला पाहिजे. २०१९ साली आलेली केअर तत्त्वं त्यापुढे विचारतात, त्यातून त्या समाजाचं सामूहिक हित होतंय का आणि त्यावर अधिकार कुणाचा. एखाद्या म्हाताऱ्याने दाखवलेली अस्वलाची गुहा तुमच्या वहीत आली म्हणून ती तुमची होत नाही. ती छापायची की नाही हे त्या लोकांना विचारा, आणि 'नको' म्हणाले तर तिथेच थांबा.

द्यायचं तर काय कागद करायचा

खुल्या नोंदींना परवाना लावा. जीबीआयएफवर तीनच चालतात: सीसी झिरो म्हणजे कुठलीही अट नाही, सीसी बाय म्हणजे श्रेय द्या, आणि सीसी बाय-एनसी म्हणजे श्रेय द्या आणि व्यापारी वापर करू नका. शेवटचा परवाना ऐकायला सुरक्षित वाटतो, पण तो शिकाऱ्याला अडवत नाही. पर्यावरणीय अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपनीला मात्र अडवू शकतो, आणि त्या अहवालात तुमची नोंद यावी हीच तर तुमची इच्छा असते. फोटोंचा परवाना नोंदीपेक्षा वेगळा असू शकतो, तो स्वतंत्र ठरवा.

नेमकी जागा कुणी मागितली तर तोंडी 'हो' म्हणू नका. एका पानाचा करार पुरतो. कोण वापरणार, कोणत्या एका कामासाठी, किती काळ, पुढे कुणाला देता येईल का, नकाशा छापला तर किती बारकाईने, काम संपल्यावर प्रत पुसल्याचं कधी कळवायचं. मागणारा कोण आहे हे संस्थेकडे वेगळा फोन करून पडताळा, ईमेलच्या सहीवर विश्वास ठेवू नका. आणि विचारा, एक आकडी अचूकतेने तुमचं काम भागेल का? दर वेळी विचारा. पुष्कळदा भागतं.

दुसऱ्यांच्या नोंदी वापरताना

उतरवलेल्या फाइलीवर थेट नकाशा काढू नका. आधी कचरा शोधा. शून्य अक्षांश, शून्य रेखांश असलेले बिंदू गिनीच्या आखातात पडतात. अक्षांश-रेखांश उलटे लिहिलेले बिंदू वाळवंटातला मासा दाखवतात. देशाच्या बरोबर मध्यावर किंवा संग्रहालयाच्या इमारतीवर पडलेला बिंदू म्हणजे 'जागा माहीत नव्हती' याचंच दुसरं रूप. एकच नमुना दोन संस्थांकडून दोनदा आलेला असतो. नावांकडेही बघा. आफ्रिकी हत्तीचं मूल्यांकन आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०२१ साली पहिल्यांदा दोन स्वतंत्र जाती धरून केलं. त्यात जंगलातला हत्ती अतिसंकटग्रस्त ठरला आणि सव्हानातला संकटग्रस्त. जुन्या फाइलींत दोन्ही एकाच नावाखाली आहेत. या संघाच्या लाल यादीतला, म्हणजे कुठल्या जातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीतला, दर्जा वापरताना म्हणून तिची आवृत्ती लिहायलाच हवी.

मग अचूकतेचा रकाना. ८,००० मीटर अनिश्चितता असलेला आपला ससाणा एक किलोमीटरच्या चौकटींवर आखलेल्या अधिवासाच्या मॉडेलमध्ये घातला, तर मॉडेल शिकेल की ससाणे उसाच्या शेतात राहतात. असे बिंदू गाळा किंवा मॉडेलची चौकट मोठी करा. रकाना रिकामा असेल तर 'अचूक' असं समजू नका.

आणि नोंद म्हणजे प्राणी कुठे आहे याइतकीच माणूस कुठे गेला याचीही खूण असते. बिंदू रस्त्यांच्या कडेने दाटतात, शनिवार-रविवारी वाढतात, शहरांभोवती गर्दी करतात. दहा वर्षांत नोंदी पाचपट झाल्या तर पक्षी पाचपट झाले असं नाही, निरीक्षक वाढले असतील. ज्या चौकोनात बिंदू नाही तिथे जात नाही असंही म्हणता येत नाही. तिथे कुणी गेलंच नसेल. दिसलेलं सगळं लिहिल्याची ग्वाही असलेल्या ईबर्डच्या पूर्ण याद्या इथे फार मोलाच्या ठरतात, कारण जे लिहिलं नाही ते दिसलं नाही एवढं तरी त्यांतून कळतं.

धूसर केलेली जागा उलगडून दाखवण्याचा प्रयत्न करू नका. जमेल असं दिसलं तर ती पळवाट छापू नका. मंचाला आणि नोंद करणाऱ्याला शांतपणे कळवा. श्रेय देताना 'स्रोत: जीबीआयएफ' एवढं पुरत नाही. तिथून उतरवलेल्या प्रत्येक फाइलीला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमचा ओळख क्रमांक, मिळतो. तो दिला की ज्या शेकडो लोकांनी पहाटे उठून त्या नोंदी केल्या त्यांच्या संस्थांपर्यंत श्रेय पोचतं.

जागा फुटलीच तर

फाइल मागे घ्या, लिंक बंद करा, पासवर्ड बदला. पण बाहेर गेलेली प्रत परत येत नाही हे धरूनच पुढची पावलं टाका. त्या जागेचं रक्षण ज्यांच्याकडे आहे त्यांना त्याच दिवशी कळवा: काय फुटलं, किती बारकाईने, कधीपासून. लाजेपायी दोन दिवस थांबलात तर ते दोन दिवस चोराला मिळतात. जाहीर खुलासा लगेच करू नका. त्याने आणखी लोक ती फाइल शोधायला लागतात.

हे सगळं सुरळीत चाललं असेल, तर प्रत्येक लपवलेल्या नोंदीच्या ओळीत आणखी एक रकाना ठेवा, 'पुन्हा पाहण्याची तारीख'. आपल्या ससाण्याच्या ओळीत मी ऑगस्टची तारीख घालीन. अंडी फुटायला महिनाभर आणि पिल्लं उडायला साधारण सहा आठवडे लागतात, तोवर खोबण रिकामी झालेली असेल. त्या दिवशी फाइल उघडून दिवस आणि अंड्यांची संख्या सार्वजनिक प्रतीत भरायची. जागा तशीच ०.१ अंशाला ठेवायची, आणि रकान्यात पुढच्या ऑगस्टची तारीख लिहायची.